जिवाणी वरून टाकायची नसते

काकीजी, तुम्ही गेलात ते गेलात, पण जिवाणी माझ्या गळ्यात घालून गेलात. हे काही बरं केलं नाहीत.

घरात रडारड चाललेली. तुमचे चिरंजीव महेंद्रभाऊ सुरतेहून निघालेत असा फोन आलेला. बाहेरच्या खोलीत तुम्हाला चटईवर निजवलेलं, आणि मी मेली स्वयंपाकघरात उभी. हातात ती पितळेची लहान बादली, तिच्या तळाला थोडंसं पाणी. सकाळी तुमचं पाणी गाळून झालं होतं, गाळणं उलटं करून धुऊन झालं होतं, ते धुवण बादलीत काढून झालं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही बसल्या पाटावर कलंडलात. थोडं आधी नाही, थोडं नंतर नाही. आता हे पाणी कोणी परत न्यायचं? महेंद्रभाऊंनी सुरतेहून येऊन?

वाचणाऱ्यांना हे काही कळायचं नाही, म्हणून त्यांना सांगते. तुम्ही मध्ये बोलू नका.

काकीजींच्या जैन धर्मात पाणी जाड, दुहेरी कापडातून गाळून प्यायचं. ते समजण्यासारखं आहे, आमच्या सोलापूरकडंही गाळतात. पण गाळल्यावर कापडात जे राहतं, डोळ्याला दिसतही नाहीत असे जे जीव, ते मोरीत टाकायचे नाहीत. गाळलेल्याच पाण्यानं कापड उलटं करून धुवायचं. ते धुवण म्हणजे जिवाणी. जिथलं पाणी, तिथंच ती परत नेऊन सोडायची. आता नळाचं पाणी परत कुठं सोडणार? बोअरमध्ये कसं सोडणार? म्हणून काकीजी नळाचं पीत नव्हत्या आणि बोअरचंही पीत नव्हत्या. अंगणात नळ, गल्लीत बोअर, आणि ह्यांना पाहिजे गल्लीच्या टोकाच्या विहिरीचं. तेही ठीक. पण जिवाणी वरून ओतायची नाही! वरून पडली तर त्या जिवांना मार लागतो. म्हणून बादलीच्या बुडाला एक कडी आणि त्या कडीला दुसरी बारीक दोरी. मोठ्या दोरीनं बादली पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची, मग बारीक दोरी हळूच ओढायची. बादली तिथंच पाण्यावर पालथी होते. झालं.

झालं कसलं! रोज. पावसापाण्यात. अंगात ताप असताना. अक्कलकुव्याच्या उन्हात, जेव्हा विहिरीचा कठडा तव्यासारखा तापतो.

तर तुम्ही चटईवर आणि मी बादली घेऊन माणसांतून वाट काढत बाहेर. शेजारच्या जगनभाऊंची माय दारात बसली होती, तिनं पदर धरला माझा. "कथा चालनी वो?" मी म्हटलं, "आलेच." विहिरीपाशी जगनभाऊ आणि दोघंतिघं तुमच्यासाठी बांबू बांधत होते. मी कठड्याला टेकून दोरी सोडायला लागले तसे ते हातातलं काम थांबवून बघायला लागले.

"आते काय करी ऱ्हायनी तू? घरमा मानूस गयं अन् तू पानी भरस?"

"भरत नाही, परत करते."

"हिनं बी डोकं फिरनं," असं ते शेजारच्याला म्हणाले. हळू म्हणाले, पण विहिरीवर बोललेलं घुमतं. मला रडायला येत होतं आणि दोरीचा गुंता सुटत नव्हता. तुमच्यासाठी रडायचं की तुमच्या दोरीसाठी, तेही कळेना. अशा वेळी माणसाला सरळ रडू तरी द्यावं, काकीजी.

मग उठावणा झाला, म्हणजे तुमच्यातली दुखवट्याची बैठक. लोक आले, बसले, हात जोडून उठले. उठल्यावर पुरुषमंडळी ओट्यावर टेकली आणि जगनभाऊंनी विषय काढला. विहिरीवर स्लॅब टाकायचा. पक्का, कायमचा. "मागला साले बकरी पडनी. उद्या पोऱ्या पडी तं? आते काकीजी बी गयात. तठलं पानी कोन पेस?"

महेंद्रभाऊ मान खाली घालून म्हणाले, "मम्मी व्हती तवलोंग ठीक व्हतं. मन्ही काय हरकत नही."

रविवारी गवंडी बोलवायचं ठरलं. सगळ्यांना ठाऊक होतं की स्लॅब झाला की जगनभाऊंची पिकअप त्याच्यावर उभी राहणार. पण बकरीचं खोटं नव्हतं. ती पडली होती, आणि पोरं तिथं चेंडू खेळतातच. तेव्हा बोलायला मला तोंड नव्हतं. आणि मी कोण? मागच्या खोलीतली भाडेकरू, आठवीत शाळा सोडलेली, नवरा रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो, आज इथं तर उद्या गुजरातेत. मी आत चहाचे कप विसळत ऐकत होते आणि तुमच्यावर चिडत होते. एवढी वर्षं माझ्याकडून ये-जा करून घेतलीत, आणि विहीर कोणाच्या नावावर ठेवलीत? कोणाच्याच नाही. हे एक तेवढं सांगून जायला काय झालं होतं?

तसं सांगायचं तर तुम्ही पहिल्यापासून तशाच. आम्ही सामान घेऊन आलो त्या दिवशी ह्यांनी ट्रंक दारातून ओढत आणली, तर तुम्ही आतून ओरडलात, "उचला, उचला! ओढू नका, खालती मुंग्या ऱ्हातंस!" आमचे हे दचकून ट्रंक पायावर पाडून बसले. मुंग्या वाचल्या. ह्यांचं नख गेलं.

साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की तुम्ही डबा उन्हात ठेवून त्या निघून जाईपर्यंत वाट बघायचात. तोवर चहा नाही. पाट सरकवायचा नाही, उचलायचा. केर काढायचा तर मऊ कुंच्यानं. दिवस बुडायच्या आत जेवायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "काकीजी, ह्या घरात माणसाला सोडून सगळ्यांची काळजी." तुम्ही हसला नाहीत, रागावला नाहीत, ताटातली अर्धी बाटी माझ्याकडे सरकवलीत. ती सुद्धा उचलून.

मला तेव्हा सगळ्याचीच धास्ती असायची. अजून असते. फोन वाजला की वाटायचं, ह्यांच्या मशीनला काही झालं. दार वाजलं की वाटायचं, कोणीतरी कागद वाचायला देणार. आणि इथलं बोलणं! 'शे' म्हणजे 'आहे' हे मला कळेना, 'कथा' म्हणजे 'कुठं', तर मला ती गोष्ट वाटायची. दुकानात कोणी "कथा ऱ्हास?" विचारलं की मी गप्प, आणि ते हसायचे. म्हणून मी खोलीतून बाहेरच पडत नव्हते. भाजीसुद्धा हेच आणायचे.

तुमच्या स्वयंपाकाला मी लागले ते माझ्या खोलीला आणि तुमच्या स्वयंपाकघराला दार एकच होतं म्हणून. पहिल्याच दिवशी तुम्ही गाळणं धुतलंत, बादली माझ्या हातात दिलीत, आणि मी ती मोरीत रिकामी केली.

"अवं सोलापूरवाली! ते कथा टाकं तू?"

"मोरीत."

"मोरीमा? हे भगवान! मारी टाकं ना त्यासले!"

मला वाटलं, खरंच कोणाला तरी मारलं मी. घाबरून रडायलाच लागले. मग तुम्ही मला पाटावर बसवलंत आणि सगळं समजावून सांगितलंत, जिवाणी, कडी, बारीक दोरी. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, ही बाई ठार वेडी आहे.

दुसऱ्या दिवशी मी फार शहाणपणा केला. गल्लीच्या टोकाला जायला मला भीती वाटायची, तिथं बायका असायच्या. मागच्या बाजूला एक पडकी विहीर होती, तिथं माणूस नसायचं. मी जिवाणी तिथं सोडली. वरून नाही हं, नीट खाली सोडून, बारीक दोरी ओढून, अगदी तुम्ही सांगितलं तशी. आणि खुशीत येऊन तुम्हाला सांगितलंही.

तुम्ही कपाळाला हात लावलात. "ती इहीर त्यासनी नही शे, बेटा. त्यासनं घर ते नही. दुसरा पानीमा त्या नही जगतस."

त्या दिवशी माझा पहिल्यांदा तोल गेला. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "दुसऱ्या पाण्यात जगत नाहीत? मग मी कशी जगते ओ? मला कुठल्या पाण्यातनं उचलून कुठं आणून टाकलंय! माझी विहीर सोलापुराकडं आहे. मला कोण नेऊन सोडतंय परत?"

तुम्ही गव्हातले खडे वेचत बसलात. मला वाटलं, गेली खोली, गेलं काम, आता हे आले की सांगावं लागणार. मग सूप खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "तुले कोनी वरथून फेकं नही, म्हनून जगनी तू."

आणि म्हणालात, "मी बी राजस्थानथून उनी. मालेबी कोनी फेकं नही."

  मला राग असा की, भांडण मी काढलं, मुद्दा माझा बरोबर होता, आणि शेवटचं वाक्य तुमचं.

पण दुसऱ्या दिवशी मी गल्लीच्या टोकाला गेले. जावंच लागलं, तुम्ही दारात उभ्या राहून बघत होता. तिथं बायका होत्याच. एकीनं विचारलं, "काकीजीनी नवी बाई का वो?" मी म्हटलं, "हो." "कथली?" मला वाटलं, पुन्हा कथा. पण बादली हातात असली की माणूस पळून जाऊ शकत नाही. म्हटलं, "सोलापूरची." असं रोज एकेक शब्द. जगनभाऊंच्या मायनं मला भाजीवाल्याशी भांडायला शिकवलं ते त्याच कठड्यावर. दवाखान्यात कुठल्या खिडकीत जायचं ते तिथंच कळलं. आता मी भाजी आणते, बँकेत जाते, सही नीट करते, आणि रिक्षावाल्याला अहिराणीत असं काही बोलते की तो मागं वळून बघतो.

इथंच माझं तुमच्याशी एक भांडण राहिलंय, काकीजी. तुमचे गुडघे तेव्हा चांगले होते. मी यायच्या आधी तुम्ही स्वतः जायचात, सगळी गल्ली सांगते. मग मी आल्यावर रोज मलाच का पाठवलंत? त्या न दिसणाऱ्या जिवांसाठी, की माझ्यासाठी? मी कितीदा विचारीन म्हटलं. कधी पाहुणे, कधी तुमची सामायिक, ती ध्यानाची बैठक, आणि बाकीच्या वेळी मला लाज. आता विचारून काय उपयोग! एवढ्याशा उत्तरासाठी मी जन्मभर जळत राहणार, हे तुम्हाला चालतं?

बरं, मी म्हणायचे ना, "दिसत तर काहीच नाही पाण्यात," तेही माझं मत अजून तसंच आहे. फक्त त्या उन्हाळ्यानंतर मी ते जरा हळू म्हणायला लागले.

त्या उन्हाळ्यात रस्त्याच्या रुंदीकरणात मशीनचं बकेट पाइपलाइनला लागलं आणि अर्ध्या गावाचं पाणी बंद झालं. ते मशीन आमच्या ह्यांचंच होतं. ह्यांना कोणी दाखवलं नव्हतं खाली पाइप आहे ते, पण गल्ली काय ते ऐकून घेते? हे घरात तोंड लपवून बसले. बोअरनंही तेव्हाच दम तोडला. टँकर यायचा त्या दिवशी भांडीच्या भांडी रांगेत. मग लोकांना विहिरी आठवल्या. मागची पडकी विहीर उघडून बघितली तर प्लास्टिक, गणपतीचं निर्माल्य, एक मेलेलं कुत्रं. दुसरी एक होती, तिच्यात कोणीतरी गटार सोडलेलं. आणि आपली? आपली स्वच्छ. तळापर्यंत दिसावी अशी.

त्यात चमत्कार काही नव्हता. जिथं रोज कोणीतरी वाकून आत बघतं तिथं कचरा टाकायला माणूस कचरतो, एवढंच. आधी तुम्ही, मग मी, रोज एक बोटभर पाणी परत न्यायला जायचो आणि आत डोकावायचो. काही पडलेलं दिसलं की तुम्ही घरोघर जाऊन "कोनं टाकं?" विचारायचात. लोक तुम्हाला कंटाळले होते. विहिरीत पिशवी टाकण्यापेक्षा ती घरी नेणं त्यांना सोपं वाटायचं.

गल्लीभर बायका हंडे घेऊन आल्या. आणि अशा वेळी, जेव्हा तुम्ही नुसतं कठड्यावर बसून मिरवलं असतंत तरी चाललं असतं, तुम्ही काय केलंत? दुहेरी कापड घेऊन उभ्या राहिलात. गाळल्याशिवाय कोणाला हलू देत नव्हतात. आणि गाळलं की जिवाणी परत! बायकांच्या कडेवर पोर, डोक्यावर ऊन, मागं रांग, आणि तुम्ही म्हणताय, "वरथून नको, वरथून नको, बारीक दोरी वढ." जगनभाऊंची माय म्हणाली, "काकीजी, आमी तहानं मरी ऱ्हायनूत अन् तुम्हले किडासनी पडनी!" तुम्ही म्हणालात, "दोन्ही जगतीन. थोडा दम धर." मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. नवऱ्यानं पाइप फोडला, आणि बायको रांगेला बारीक दोरी शिकवतेय.

पण पाणी पुरलं. त्या दिवसांत दुसऱ्या भागात जुलाबाची साथ आली. आपल्या गल्लीत कोणी आजारी पडल्याचं मला आठवत नाही. ते विहिरीमुळं की कापडामुळं की नशिबामुळं, मी डॉक्टर नाही. पाइप जोडला गेला तसे लोक हंडे घेऊन नळाकडे परतले आणि विहिरीला पुन्हा आपण दोघीच. एका हिवाळ्यात सगळे विसरले. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. मी तुम्हाला म्हटलंही, "लोकांनी निदान नाव तरी काढायला पाहिजे होतं." तुम्ही म्हणालात, "गाळणं सुकं का देख."

तर ठरल्याप्रमाणे रविवारी गवंडी आला. सळया आल्या. जगनभाऊ हातात टेप घेऊन. मी रात्रभर स्वतःला सांगत होते की आपण गप्प बसायचं, आपलं काय आहे त्यात. हे सुटीवर आलेले, तेही म्हणाले, "तू मध्ये पडू नको, आपल्याला भाड्यानं राहायचंय." बरोबरच आहे त्यांचं. मी मान डोलावली. आणि चपला घालून गेले.

तिथं सळयांपाशी जाऊन उभी राहिले. जगनभाऊ म्हणाले, "काय पाहिजे वहिनी?" मी म्हटलं, "स्लॅब नको."

"काब्रं? कोन पेस तठलं?"

"मी."

"तू? तू तं नळनं पेस!"

"आजपासून नाही."

लोक हसले. माझे कान तापले. जगनभाऊंची माय ओट्यावर बसून तंबाखू मळत होती. तिनं विचारलं, "बाई, तू एकटी कितलं पेशी?" मला वाटलं, हिनंही सोडलं. पण ती लेकाकडे वळली आणि म्हणाली, "पाइप फुटना तवय तू कथलं पेना व्हता रे? गाडीनं टाकीमाथून?"

जगनभाऊ मग म्हणाले, बकरीचं काय, पोरांचं काय. ते खरंच होतं. महेंद्रभाऊ आतापर्यंत बाजूला उभे होते. ते माझ्याकडं बघत म्हणाले, "मंग जाळी करूत. लोखंडी. वर दार ठेवूत, कुलूप." जगनभाऊ कुरकुरले, "अन् गाडी कथा लावू?" मी म्हटलं, "तुमच्या दारात लावा की ओ." हे मी कसं बोलले मला ठाऊक नाही. कुलपाची चावी कोणाकडे, असं निघालं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि मग माझ्याकडे. घ्या आता. मला स्वतःच्या खोलीची चावी सापडत नाही.

वेल्डर आला, त्यानं जाळीचं दार मापलं. हंडा जाईल एवढं पुरे, म्हणाला. मी म्हटलं, पुरे नाही. बादली दोन दोऱ्यांनी खाली जायला पाहिजे, बारीक दोरी बाजूला राहायला पाहिजे, नाहीतर गुंता होतो, खाली पालथी कशी होणार? तो म्हणाला, "पालथी कशाले करतस?"

मग मला सांगावं लागलं. भर चौकात, सात पुरुषांसमोर, गाळणं, धुवण, वरून पडलं तर मार लागतो, सगळं. एकजण म्हणाला, "पन वहिनी, त्यामा काय शे ते दिसस तरी का?"

म्हणजे माझंच वाक्य. मी इतकी वर्षं तुमच्या तोंडावर मारलेलं.

"तुम्हाला दिसत नाही त्याला मी काय करू?" मी म्हटलं. "दार मोठं करा."

त्यानं केलं. थोडं वाकडं झालंय, पण दोन्ही दोऱ्या जातात.

मला पटलं, असं समजू नका काकीजी. पाण्यात मला आजही काही दिसत नाही, आणि रोजची ही खेप मला जड जाते, हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं. आपलं भांडण मिटलेलं नाही. फक्त आता तुमच्या बाजूनंही मलाच बोलावं लागतं, आणि ती बाजू मला फार चांगली येते.